खाटेपाशी शांतता

नमस्कार श्रोतेहो.

अतिदक्षता विभागात, म्हणजे आपण सगळे ज्याला आयसीयू म्हणतो तिथं, काम करताना एक गोष्ट मला सतत सलत आली आहे. ओपीडीत छातीत दुखणारा माणूस येतो, हात छातीवर ठेवतो आणि सांगतो, "डॉक्टर, इथं दाबल्यासारखं होतंय." निदानाची अर्धी वाट तिथंच सरते. आयसीयूतल्या माणसाला हे सांगता येत नाही. आतड्याचं मोठं ऑपरेशन झालेलं असतं, घशात व्हेंटिलेटरची नळी असते, झोपेचं औषध चालू असतं, वेदना कळू नयेत म्हणून आणखी एक औषध चालू असतं. अशा वेळी हृदयाच्या स्नायूला इजा होऊ लागली तर तक्रार कोण करणार? मोठ्या ऑपरेशननंतर हृदयाला इजा झालेल्या बहुतेक रुग्णांना छातीत दुखतच नाही, किंवा दुखलेलं कळत नाही.

मग आम्ही यंत्रांकडे बघतो. मॉनिटरवर ईसीजीची हिरवी रेघ धावत असते. छातीवर चिकटवलेली स्टिकर्स घामानं सुटतात. मॉनिटर ओरडतो, सिस्टर धावत येतात, स्टिकर पुन्हा दाबून बसवतात. भाजलेल्या रुग्णाच्या छातीवर तर स्टिकर लावायला धड कातडीच नसते. सलाइन भरपूर गेल्यानं अंगाला सूज आली की ईसीजीतल्या लाटा बुटक्या होतात, कारण हृदयातली वीज त्या सुजेतून, चरबीतून, पाण्यातून वाट काढत कातडीपर्यंत येते आणि वाटेत विस्कटते. टू-डी इको करावा, तर व्हेंटिलेटरनं फुगवलेलं फुप्फुस हृदयापुढं पडद्यासारखं येतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन तपासावं, तर ते हार्ट अटॅकमध्ये वाढतं तसं रक्तातल्या जंतुसंसर्गातही वाढतं आणि मूत्रपिंड बिघडलं तरी वाढलेलं दिसतं. ट्रोपोनिन वाढलंय हे कळतं. हृदयाच्या कुठल्या भागात, कशामुळं, हे कळत नाही.

जंतुसंसर्गाचं उदाहरण जरा थांबून सांगतो. सेप्सिस हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी नातेवाइकांच्या आजारपणात ऐकला असेल. 1984 साली अमेरिकेत सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळं रक्तदाब कोसळलेल्या, 20 रुग्णांची हृदयं दिवसामागून दिवस तपासली गेली. निम्म्या रुग्णांच्या हृदयाची ताकद उतरली होती. आणि जे वाचले, त्यांच्यात ती साधारण 7 ते 10 दिवसांत परत आली. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या नसतानाही हृदय असं दमून बसतं आणि पुन्हा उभं राहतं. मला हे आजही विलक्षण वाटतं. पण खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला त्या क्षणी प्रश्न पडतो तो असा : हे दमलेलं हृदय आहे, की हार्ट अटॅक आलेलं? एकाला जंतुसंसर्गाचा उपचार आणि धीर, दुसऱ्याला रक्त पातळ करणारी औषधं आणि अँजिओग्राफी. परवा पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला रक्त पातळ करणारं औषध चुकून दिलं तर त्याचा जीव जाऊ शकतो.

म्हणून हृदयाचं म्हणणं ऐकण्याची आणखी एखादी वाट सापडली, तर ती आम्हाला हवी आहे.

अशी वाट आहे. विजेचा प्रवाह जिथं वाहतो, तिथं भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे 1820 साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं दाखवलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर स्नायूतून प्रवाह फिरतो, म्हणजे प्रत्येक ठोक्याला हृदयाभोवती चुंबकीय क्षेत्रही उमटतं. आपलं मांस, चरबी, सूज यांना चुंबकत्व जवळजवळ नाहीच, त्यामुळं हे क्षेत्र त्यांतून फारसं न बिघडता बाहेर येतं. कातडीला स्पर्श करायची गरज नाही. बँडेजवरून, चादरीवरून त्याची नोंद घेता येते. या नोंदीला मॅग्नेटोकार्डिओग्राफी म्हणतात, थोडक्यात एमसीजी. एमआरआयशी याची गल्लत करू नका. एमआरआय यंत्र स्वतः माणसाभोवती प्रचंड चुंबकीय क्षेत्र लावतं. एमसीजी शरीरात काहीही सोडत नाही, ते फक्त ऐकतं.

अडचण एवढीच की ते कुजबुजणं फार बारीक आहे. छातीच्या पुढं काही सेंटिमीटरवर हृदयाचं क्षेत्र साधारण 50 पिकोटेस्ला भरतं. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप, आणि पिकोटेस्ला म्हणजे त्याचा एक लाख कोटीवा भाग. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या जवळपास दहा लाख पट.

1963 साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज इथं बाउल आणि मॅकफी या दोन संशोधकांनी ते पहिल्यांदा पकडलं. तांब्याच्या तारेचे लाखो वेढे घातलेली दोन वेटोळी त्यांनी घेतली आणि विजेच्या गडबडीपासून दूर मोकळ्या जागी माणसाच्या छातीपुढं ठेवली. 1969 च्या अखेरीस एमआयटीत डेव्हिड कोहेन यांनी चुंबकीय ढाल असलेल्या खोलीत स्क्विड नावाचं उपकरण वापरून हृदयाची स्वच्छ नोंद मिळवली. स्क्विड हे पुंजभौतिकीच्या, म्हणजेच क्वांटमच्या, नियमांवर चालणारं उपकरण आहे, म्हणजे क्वांटम सेन्सिंग रुग्णाच्या छातीपर्यंत आलं त्याला आता पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला. पण स्क्विडला उणे 269 अंशांची थंडी लागते, म्हणजे द्रवरूप हेलियम लागतं. हेलियमची टाकी आणि जाड ढालीची खोली घेऊन आयसीयूत कोण येणार? आपल्याकडं तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात असे स्क्विड बनवून हृदयाची चुंबकीय नोंद घेण्याची सोय उभी राहिली, हे अभिमानानं सांगतो. तरी रुग्णालाच त्या खोलीपर्यंत जावं लागतं.

आता नवं काय आहे? रुबिडियम नावाचा एक मऊ धातू आहे. त्याची वाफ एका चिमुकल्या काचेच्या कुपीत भरतात. रुबिडियमचा प्रत्येक अणू हा एक इवलासा लोहचुंबक आहे, असं समजा. लेझरचा किरण टाकून सगळ्या अणूंची तोंडं एका दिशेला वळवतात. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र त्यांना भोवऱ्याच्या डोलण्यासारखं डोलवतं, आणि ते किती वेगानं डोलतात हे कुपीतून पार होणाऱ्या प्रकाशावरून वाचता येतं. हेलियम नको, उणे 269 अंश नकोत. काही सेन्सर काडेपेटीएवढे झाले आहेत.

या अणूंची नजर किती तीक्ष्ण आहे ते आकड्यांत सांगतो. कोकण किनाऱ्यावर पृथ्वीचं क्षेत्र सुमारे 43 हजार नॅनोटेस्ला आहे; एक नॅनोटेस्ला म्हणजे हजार पिकोटेस्ला. तेवढ्या क्षेत्रात रुबिडियम-87 चा अणू सेकंदाला सुमारे 3 लाख वेळा डोलतो. आपल्या हृदयाचा एक ठोका त्या 3 लाखांत किती फरक पाडतो? एका डोलण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा. आणि तो फरक मोजता येतो. मी भौतिकीचा माणूस नाही, पण हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी बराच वेळ काही बोलू शकलो नव्हतो.

मग हे यंत्र आमच्या आयसीयूत का नाही? उत्तर द्यायला तुम्हाला अलिबागला न्यावं लागेल.

मुंबईत कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. 1859 साली सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंदही तिथं झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं की ट्रामच्या रुळांतून वाहणारी वीज या नाजूक नोंदी बिघडवून टाकणार. म्हणून 1904 साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीत चुंबकाला ओढणारी सामग्री येणार नाही याची काळजी घेतली गेली. दोन वर्षं दोन्हीकडच्या नोंदी एकत्र घेतल्या, ताळमेळ बसवला आणि मगच 1906 मध्ये कुलाब्याचं काम थांबवलं. एक ट्राम येणार म्हणून अख्खी वेधशाळा खाडीपलीकडं गेली! अलिबागचं काम आजही चालू आहे.

आता आमच्या आयसीयूतल्या एका खाटेभोवती नजर फिरवू. लोखंडी खाट, तिची मोटर. चार-पाच सिरिंज पंप. व्हेंटिलेटर. डायलिसिसचं मशीन, त्याचे फिरणारे पंप. डोक्यावर दिवे, भिंतीत 50 हर्ट्‌झची वायरिंग. बाहेर लिफ्ट वरखाली होतेय. खाली रस्त्यावरून बस जातेय. बायपास झालेल्या रुग्णाच्या छातीचं हाड स्टीलच्या तारेनं शिवलेलं असतं, श्वासाबरोबर ती तारही हलते. चुंबकीय गोंगाटाच्या दृष्टीनं पाहिलं तर रुग्णालयात याच्याइतकी वाईट जागा सापडणं कठीण. मूस साहेबांनी वेधशाळा हलवली. मला माझा रुग्ण हलवता येत नाही. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला सीटी स्कॅनसाठी दोन मजले खाली न्यायचं तरी ऑक्सिजनचा सिलिंडर, पंप, डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय अशी सगळी वरात लागते आणि त्या अर्ध्या तासात आमचा जीव मुठीत असतो.

अणू पुरेसे संवेदनशील झाले आहेत. त्यांच्यासाठी खाटेपाशी शांतता कशी आणायची, हे खरं काम बाकी आहे.

त्यासाठीची एक युक्ती फार सुरेख आहे. दोन सेन्सर घ्यायचे, एक छातीजवळ, दुसरा त्याच्या थोडा वर. लिफ्टचा, रस्त्याचा गोंगाट दुरून येतो, त्यामुळं दोघांनाही जवळजवळ सारखाच ऐकू येतो. हृदयाचं क्षेत्र मात्र अंतराबरोबर झपाट्यानं विरतं, ते जवळच्याला जास्त ऐकू येतं. एकाच्या नोंदीतून दुसऱ्याची वजा केली की गोंगाट बराचसा जातो, हृदय उरतं. बराचसा जातो, सगळा नाही, कारण खाटेला टेकलेला पंप दूर नसतो. मग ठोक्यांची सरासरी काढावी लागते. शेकडो ठोके एकावर एक ठेवले की विस्कळीत गोंगाट पुसला जातो. पण आयसीयूत नेमका अनियमित ठोक्यांचा रुग्ण असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये प्रत्येक ठोक्याचं अंतर वेगळं. प्रयोगशाळेतल्या निरोगी तरुण स्वयंसेवकावर जमलेली सरासरी इथं तशीच्या तशी बसत नाही.

एक जुनी गोष्ट मला इथं धीर देते. नेदरलँड्समध्ये लेडनला विलेम आइंटहोवेन यांनी ईसीजीचं पहिलं नीट चालणारं यंत्र बनवलं, तेव्हा त्याचं वजन सुमारे 270 किलो होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. ते रुग्णालयात नेणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी दीड किलोमीटर दूरच्या रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारा वापरल्या आणि खाटेवरच्या रुग्णाचा ईसीजी तारेवरून आणवला. आज तेच यंत्र ॲम्ब्युलन्समध्ये हातात धरून नेतात.

एमसीजीचा सर्वांत ठसठशीत उपयोग पोटातल्या बाळाच्या बाबतीत झाला आहे. बाळाच्या अंगावर चिकट पांढरा थर असतो, तो विजेला अडवतो, म्हणून बाळाचा ईसीजी आईच्या पोटावरून नीट मिळत नाही. चुंबकीय क्षेत्राला तो थर अडवत नाही. लाँग क्यूटी नावाचा, अचानक जीव घेऊ शकणारा दोष अशा प्रकारे जन्माआधी ओळखता आला आहे.

पण निराशाही सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी ब्रिटनमधल्या इमर्जन्सी विभागांत छातीत दुखणाऱ्या रुग्णांवर एक फिरतं एमसीजी यंत्र तपासलं गेलं. ते अणूंवर नव्हे, तारेच्या वेटोळ्यांवर चालणारं होतं. हार्ट अटॅक नाही असं सांगून रुग्णाला घरी पाठवावं इतकी त्याची अचूकता भरली नाही. हा निष्कर्ष संशोधकांनी स्पष्टपणे प्रसिद्ध केला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. आयसीयूतल्या गंभीर रुग्णासाठी तर प्रश्न अजून अवघड आहे.

आणि एक कळकळीची सूचना. गावोगावच्या शिबिरांत "क्वांटम ॲनालायझर" नावाची एक डबी हातात धरायला देतात आणि हृदयापासून यकृतापर्यंत सगळ्याचा छापील रिपोर्ट देतात. मी आज ज्या विज्ञानाबद्दल बोलतोय त्याचा त्या डबीशी काडीचाही संबंध नाही. तिच्यावर पैसे घालवू नका, तिच्या रिपोर्टवर औषध बंद करू नका. छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, घाम फुटला, तर लगेच जवळच्या दवाखान्यात जा आणि साधा ईसीजी काढून घ्या.

आपल्या दाराशी मात्र खरं काम सुरू झालं आहे. केंद्र सरकारनं 2023 च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, सहा हजार कोटी रुपयांहून जास्त खर्चाची. त्यातलं क्वांटम सेन्सिंगचं केंद्र मुंबईत, पवईच्या आयआयटीत आहे. तिथं हिऱ्यांवर काम चालतं. हिऱ्याच्या जाळीत कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि शेजारी एक रिकामी जागा असली, की तो बारीकसा दोष खोलीच्या तापमानालाच चुंबकीय क्षेत्र ओळखतो. जपानमध्ये 2022 साली अशा हिऱ्यानं जिवंत उंदरांच्या हृदयाची नोंद घेतली गेली, तीही छाती उघडून. म्हणजे माणसापर्यंत अजून बरंच अंतर आहे. पण हिरा घट्ट आहे, त्याला थंडी लागत नाही आणि पृथ्वीच्या क्षेत्रानं तो आंधळा होत नाही. आयसीयूसाठी हे गुण फार मोलाचे.

पवईत या कामात जी तरुण मुलंमुली आहेत, त्यांच्यापैकी कुणी आज रेडिओ ऐकत असेल तर माझं एक मागणं आहे. तुमचा सेन्सर ढालीच्या खोलीत जमला, की पहिला पेपर लिहायच्या आधी एक रात्र कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत काढा. परवानगीचे कागद आम्ही डॉक्टर करू. रात्री दोन वाजता या. डायलिसिस चालू असेल, लिफ्ट चालू असेल, शेजारच्या खाटेवरचा मॉनिटर ओरडत असेल. सिस्टर तुम्हाला खुर्ची देतील. एखाद्या रिकाम्या खाटेशेजारी तुमचा सेन्सर ठेवा, आणि तिथं तुम्हाला काय ऐकू येतं ते आधी लिहून काढा.

नमस्कार.