वाऱ्यावरून आलेला ओक

श्रोतेहो, नमस्कार. संकर म्हटले की आपल्यापुढे खेचर उभे राहते. घोडी आणि गाढव यांचे हे अपत्य कष्टाळू खरे, पण त्याचा वंश पुढे चालत नाही. झाडांना हा नियम सरसकट लावता येत नाही. दोन भिन्न जातींपासून जन्मलेले झाड पुष्कळदा फुलते, फळते आणि आईच्या किंवा बापाच्या जातीशी पुन्हा संकर होऊन एका जातीची जनुके दुसरीत पोहोचवते. युरोपातील ओक वृक्षांची अशीच एक गोष्ट मला फार प्रिय आहे.

क्लेमेंट रीड या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये एक साधा हिशेब मांडला. हिमयुगातील थंडीने दक्षिणेकडे रेटला गेलेला ओक पुन्हा ब्रिटनच्या उत्तर भागात पोहोचला, म्हणजे त्याने सुमारे ६०० मैल मजल मारली. ओकचे फळ जड असते आणि सुटले की बुंध्याजवळच पडते. बाहेरची मदत नसती, तर या प्रवासाला दहा लाखांच्या घरात वर्षे लागली असती, असे रीडच्या लक्षात आले. हिमयुग संपून तर जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली आहेत. मग ओक पोहोचला कसा? कावळ्याच्या कुळातील ‘जे’ नावाचा पक्षी हंगामात हजारो ओकफळे गळ्यात भरून दूर नेतो आणि हिवाळ्यासाठी एकेक करून जमिनीत पुरून ठेवतो. त्यातली जी खायची राहतात, ती रुजतात.

पण तिथे ओकच्या दोन जाती आहेत. फांदी हातात घेऊन पाहिली, तर एकीचे फळ बोटभर देठाला लोंबते आणि पान जवळजवळ बिनदेठाचे असते, तर दुसरीचे फळ फांदीला चिकटलेले आणि पानाला मात्र स्पष्ट देठ. पहिली जात मोकळ्या, ओलसर जमिनीत आधी पाय रोवते. दुसरी कोरड्या, हलक्या जमिनीतही तग धरते. फ्रान्समधील रेमी पेती, आंत्वान क्रेमेर आणि सहकाऱ्यांनी या झाडांच्या हरितलवकातील, म्हणजे पेशीतील पानाला हिरवा रंग देणाऱ्या सूक्ष्म भागातील, डीएनए तपासला. ओकमध्ये हरितलवक फक्त आईकडून येते, हे लक्षात ठेवा, फक्त आईकडून. एकाच जंगलातील दोन्ही जातींचा हा डीएनए बहुधा सारखा निघाला, आणि दूरच्या जंगलातील स्वजातीयांशी मात्र जुळला नाही. २००४ मध्ये त्यांनी याचा उलगडा मांडला. बी पक्ष्याने नेले ते मुख्यतः पहिल्या जातीचे. दुसरीचे परागकण मागाहून वाऱ्याने आले, पहिलीच्या फुलांवर पडले, आणि पिढ्यान्‌पिढ्या असेच होत राहून संकरित संततीतून दुसरी जात जवळजवळ पूर्ण रूपात पुन्हा उभी राहिली. बी पक्ष्याने, पराग वाऱ्याने! झाडाला एकाच जातीची पाटी लावण्याची आपली घाई मला म्हणूनच कधी पटलेली नाही.

हवामानाशी जुळवून घेतानाही झाडांना असा संकर उपयोगी पडतो, कारण नवे उपयोगी जनुक स्वतःत उपजण्याची वाट फार मोठी असते. शेजारच्या जातीचे जनुक त्या मातीत, त्या थंडीत आधीच पारखलेले असते. शेजारघरून चमचाभर विरजण आणावे, दूध आपलेच असावे, तसे हे आहे. सगळेच संकर टिकतात असे नाही. कमजोर रोपे गळून जातात आणि उपयोगी तेवढे राहते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुसऱ्या जातीच्या १८ समूहांची जनुके वाचली गेली. थंड किंवा ओलसर प्रदेशांतील समूहांत पहिल्या जातीची जनुके मिसळल्याच्या खुणा सापडल्या, आणि त्या हवामानाच्या उतरंडीप्रमाणे बदलत होत्या. पुन्हा सांगतो, थंड-ओलसर जागी, थंड-ओलसर जमिनीत रमणाऱ्या जातीची जनुके. एकाच साच्यातील रोपांच्या रांगांना आपण जंगल म्हणतो तेव्हा मला वाईट वाटते, कारण तिथे असा शेजारच उरत नाही.

दक्षिण युरोपात आणखी एक ओक आहे, लवदार पानांचा आणि कोरडा उन्हाळा सोसणारा. त्याचाही या दुसऱ्या जातीशी संकर होतो, आणि दोघे शेजारी वाढतात त्या उतारांवर आजही त्याचे परागकण वसंतात वाऱ्यावर निघतात.