हिरवं चमकलं म्हणजे पेरॉक्साइडच असेल असं नाही

स्क्रीनवर हे जे हिरवंगार चमकतंय ना, त्या जिवंत पेशी आहेत, आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड शोधायला जो प्रोब, म्हणजे चमकून खूण देणारा पदार्थ, सोडलाय त्याला लॅबमध्ये सगळे नुसतं डीसीएफ म्हणतात, कारण पूर्ण नाव घेता घेता दम लागतो. मुळात हा पदार्थ चमकत नाही. त्याला दोन अॅसिटेट चिकटवून पेशीत पाठवतात, आतली एन्झाइम्स ते कापतात, मग त्याला सहज बाहेर पडता येत नाही आणि आत कुणी त्याचं ऑक्सिडेशन केलं की निळ्या प्रकाशात हिरवा दिसायला लागतो.

1965 पासून ही आयडिया आहे. स्वस्त आणि सोपी, म्हणून हिरवं दिसलं रे दिसलं की लोक बिनधास्त लिहितात, हायड्रोजन पेरॉक्साइड वाढलं! पण पेरॉक्साइड एकटं याला फारसं काही करतच नाही, मध्ये लोह लागतं, नाहीतर पेरॉक्सिडेज हे एन्झाइम किंवा सायटोक्रोम सी हे प्रोटीन, म्हणजे पेशीत मोकळं लोह वाढलं तरी हिरवं, आणि मायक्रोस्कोपचा लाइट जास्त वेळ मारला तरी हिरवंच. घ्या आता.

2004 मध्ये बर्कलीच्या ख्रिस्तोफर चँग यांच्या ग्रुपने बोरोनेटचा प्रोब काढला. बोरॉनचं झाकण, ते पेरॉक्साइडने उडवलं की उजेड. बराच बरा, तरी पेरॉक्सिनायट्राइट हा पेशीत बनणारा दुसराच पदार्थ तेच झाकण साधारण दहा लाख पट वेगाने उडवतं, त्यामुळे तोही शंभर टक्के भरवशाचा नाहीच.

मग 2006 ला आला हायपर नावाचा प्रोब. ई. कोलाय बॅक्टेरियाकडे पेरॉक्साइड ओळखणारं ऑक्सिआर नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या तुकड्यात पिवळं चमकणारं प्रोटीन बसवलं, त्याचं जीन दिलं की पेशी स्वतःच प्रोब बनवते. पीएच, म्हणजे पेशीतली आम्लता, बदलला की हाही गडबडतो, म्हणून सोबत तुलनेसाठी कंट्रोल ठेवावाच लागतो.

आता हे बघा, हा झेब्राफिश या छोट्या माशाचा डिंभ, म्हणजे पिल्लू, अंगभर हायपर असलेला. 2009 मध्ये हार्वर्डच्या टीमने अशाच डिंभाच्या शेपटीचं टोक कापलं, तर काही मिनिटांत जखमेच्या कडेने पेरॉक्साइड वाढू लागलं, 100 ते 200 मायक्रॉन आतपर्यंत पसरलं आणि साधारण 20 मिनिटांनी सगळ्यात जास्त झालं. तोवर पांढऱ्या पेशी पोचल्याही नव्हत्या! म्हणजे ते त्यांनी आणलेलं नव्हतं, जखमेजवळच्या पेशींमधलं ड्युऑक्स हे एन्झाइम ते बनवत होतं, आणि ड्युऑक्स दाबलं की पांढऱ्या पेशीही तिकडे फारशा फिरकल्या नाहीत.