धुऱ्यावरून न दिसणारं पीक

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

पोळा झाला, काल-परवा तान्हा पोळाही झाला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागली, सोयाबीनच्या शेंगा भरत आल्या. या दिवसांत आपण वावरात जातो, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे राहतो, नजर टाकतो आणि मनाशी म्हणतो, पीक बरं आहे. पण कमरेएवढ्या पऱ्हाटीत धुऱ्यावरून किती तास, म्हणजे पिकाच्या ओळी, दिसतात? दहा, फार तर बारा. त्यापलीकडे शेंडेच शेंडे. सडकेकडची बाजू आपण रोज पाहतो, नाल्याकडची बाजू पंधरा दिवसांतून एकदा, आणि मधला भाग फवारणीच्या दिवशी. हा न दिसणारा भाग उपग्रहाच्या चित्रात कसा पाहायचा, हा आजचा विषय.

काटोल तालुक्यात माझ्या चुलतभावाचं सहा एकर सोयाबीन आहे. मागच्या ऑगस्टमध्ये त्याच्या वावराचं उपग्रहाचं चित्र मी मोबाइलवर त्याला दाखवलं. बहुतेक वावर सारख्या हिरव्या रंगाचं, एका कोपऱ्यात गर्द हिरवा डाग आणि नाल्याकाठी फिका पट्टा. दादा म्हणाला, ‘‘तुह्या त्या सॅटेलाइटले काय समजते? सडकेवरून पाह्य ना, कसं हिरवंगार हाय!’’ गर्द हिरवा कोपरा पाहून मात्र तो खूश झाला. त्या कोपऱ्यात शेणखत जास्त पडलं होतं म्हणे.

आम्ही चालत गेलो, वहिनीही सोबत होती. कोपऱ्यात पोचण्याआधीच ती म्हणाली, ‘‘तिथं निंदाई झालीच नाही. त्या दिवशी पाऊस आला न् बाया घरी गेल्या.’’ खरंच होतं. केना आणि लव्हाळा इतका माजला होता की सोयाबीन त्याखाली पिवळं पडून गुदमरत होतं. वरून गर्द हिरवं दिसत होतं ते तण. उपग्रहाने हिरवेपणा बरोबर मोजला होता. तो हिरवेपणा कुणाचा, हे वहिनीला ठाऊक होतं.

ही गोष्ट मी आधी सांगितली, कारण आजच्या विषयात सगळ्यात जास्त चूक इथंच होते.

आता हे मोजमाप होतं कसं ते पाहू. पानातलं हरितद्रव्य उन्हातला तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा थोडा परत फेकतं, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. उन्हात आपल्या डोळ्यांना न दिसणारा आणखी एक प्रकाश असतो, अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड. निरोगी पानाच्या आतल्या पेशींची रचना हा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पान आजारी पडलं की हरितद्रव्य कमी होतं आणि तांबडा प्रकाश जास्त परत येऊ लागतो. पेशी ढासळल्या की अवरक्त कमी होतो. उपग्रह हे दोन्ही मोजतो. दोघांची वजाबाकी करायची आणि तिला दोघांच्या बेरजेने भागायचं. समजा, शंभर भागांतला तांबडा पाच भाग परत आला आणि अवरक्त पन्नास. मग पंचेचाळीस भागिले पंचावन्न, म्हणजे 0.8 च्या आसपास. हे भरदार पीक. उघड्या काळ्या जमिनीवर हाच आकडा साधारण 0.1 ते 0.2 येतो. या आकड्याला एनडीव्हीआय म्हणतात.

आपल्या देशात या विद्येची सुरुवात एका पिकाच्या रोगापासूनच झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1970 साली हवामानशास्त्रज्ञ प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळात नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेलं आणि अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर फोटो काढले. नारळाला ‘रूट विल्ट’ या मर रोगाने ग्रासलं होतं. त्या फोटोंत रोगट झाडं निरोगी झाडांपासून वेगळी ओळखू आली. पुढे 17 मार्च 1988 रोजी नियमित कामासाठीचा आपला स्वतःचा पहिला दूरसंवेदन, म्हणजे दुरून जमीन पाहणारा, उपग्रह, आयआरएस-1ए, आकाशात गेला. त्याच वर्षी नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं. इस्रोचं मध्य विभागाचं केंद्रही इथंच, देशाच्या मातीचं सर्वेक्षण करणारी संस्था इथंच, कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इथंच. चारही गोष्टी एका शहरात असलेलं दुसरं गाव मला माहीत नाही. इतकं जवळ असूनही आपल्या वावराचं चित्र आपण क्वचितच पाहतो.

ते पाहायला पैसे लागत नाहीत. युरोपच्या सेंटिनेल-2 या उपग्रहांची चित्रं सर्वांसाठी खुली आहेत. हे उपग्रह जमिनीपासून 786 किलोमीटर उंचावरून फिरतात आणि दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, आपल्या डोक्यावरून जातात. ‘कोपर्निकस ब्राउझर’ हे संकेतस्थळ उघडा, आपलं गाव शोधा, तारीख निवडा, एनडीव्हीआय निवडा. घरात कॉलेजात जाणारं पोर असेल तर त्याला अर्धा तास पुरतो. इस्रोचं ‘भुवन’ही आहे, त्यावर गावाचे नकाशे चांगले पाहता येतात.

या चित्रातला एक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. म्हणजे एकरात साधारण चाळीस ठिपके. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आपली पेरणीची पद्धत लक्षात घ्या. पऱ्हाटीत आठ तासांमागे एक तास तुरीचा असेल, तर प्रत्येक ठिपक्यात पऱ्हाटीच्या सोबत तूरही मिसळलेली असते. दिवाळीनंतर पऱ्हाटी वाळायला लागते, तूर मात्र हिरवी असते, आणि आकडा त्या तुरीमुळे वर राहतो. धुऱ्याला लागून असलेल्या ठिपक्यात अर्धा शेजाऱ्याचा बाभूळ असतो. म्हणून कडेचे ठिपके सोडून द्या, आतले पाहा.

रंगांवरही जाऊ नका. संकेतस्थळ आकड्यांना रंग देतं, आणि तांबडा रंग दिसला की आपल्या पोटात गोळा येतो. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास पक्व होताना पानं गाळतं. तेव्हा आकडा पडणारच, तो पडायलाच हवा. खरी तुलना दोनच: आपल्याच वावरात एका भागाची दुसऱ्या भागाशी, आणि आजच्या चित्राची मागच्या चित्राशी. वावर सगळं एका दिवशी पेरलं असताना एकच पट्टा मागे पडत असेल, तर तिकडे चालत जायचं.

आता संत्र्याकडे येते, कारण वरूड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत बागेचं चित्र कसं पाहायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एका ठिपक्यात जेमतेम तीन झाडं बसतात. बाकी जागा मोकळी. पावसाळ्यात त्या मोकळ्या जागेत गवत वाढतं, आणि अर्धी बाग वाळत चालली असली तरी चित्रात ती हिरवीच दिसते. म्हणून बागेचं चित्र ऑगस्टचं पाहू नका, एप्रिल-मेचं पाहा. तेव्हा गवत वाळलेलं असतं, जमीन उघडी असते, आणि जो हिरवेपणा उरतो तो झाडांचाच असतो. तीन-चार वर्षांची एप्रिलची चित्रं एकापुढे एक लावा. डिंक्याने किंवा मुळं कुजल्याने झाड एका दिवसात मरत नाही, ते दोन-तीन वर्षं खंगत जातं. बागेतला कुठला कोपरा वर्षागणिक विरळ होत चालला, हे अशा चित्रांत दिसतं. मृग बहारासाठी मे महिन्यात तुम्ही बागेचं पाणी तोडून ती ताणावर सोडली असेल तर मात्र झाड तुमच्याच हुकमाने पानं सोडतंय. ते चित्र बाजूला ठेवा, ताणाच्या आधीचं घ्या.

आणि आता जे दिसत नाही ते. गुलाबी बोंडअळी उपग्रहाला दिसत नाही. अळी बोंडाच्या आत असते, बाहेर पऱ्हाटी हिरवीगार असते, आकडाही छान येतो. हे मी स्पष्ट सांगते आहे, कारण ‘उपग्रहाने पीक चांगलं दाखवलं’ म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. तिच्यासाठी नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळेच लावावे लागतात, हेक्टरी पाच. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की नुकसानीची पातळी गाठली. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, शोधायच्या, हिरवी बोंडं फोडून पाहायची. सोयाबीनच्या पिवळ्या मोझॅकचंही तसंच. पहिली चार पिवळी झाडं उपटून टाकायची असतात तेव्हा उपग्रहाला काहीच कळत नाही. दहा मीटरचा ठिपका पिवळा होतो तोवर पांढऱ्या माशीने रोग वावरभर नेलेला असतो.

तरीही मी या चित्रांचा आग्रह धरते, त्याचं एक कारण फवारणी आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्यानंतर पंप पाठीवर घेतलेला माणूस पाहिला की मला भीती वाटते. सहा एकरांत त्रास पाऊण एकराला असेल आणि तो पाण्यामुळे असेल, कीड नसेलच, तर सहा एकरांवर औषध कशाला? पीक पिवळं पडलं की दुकानात जाऊन औषध आणायचं, ही सवय आधी वावरात पाय टाकल्याशिवाय मोडत नाही. आणि पाय नेमका कुठं टाकायचा, हे चित्र सांगतं.

आपल्याकडे खरी अडचण आभाळाची. जुलै-ऑगस्टमध्ये सहापैकी चार चित्रं पांढरी येतात, नुसते ढग. तिथे रडार कामाला येतं. रडारचा उपग्रह स्वतःच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, त्याला ऊनही लागत नाही, ढगही आडवे येत नाहीत. साचलेल्या शांत पाण्यावरून लहरी दुसरीकडे निघून जातात, म्हणून पाणी काळं दिसतं. भंडारा-गोंदियात धानाची रोवणी कुठवर आली, पुराचं पाणी किती बांध्यांत शिरलं, हे यावरून कळतं. 30 जुलै 2025 रोजी इस्रो आणि नासा यांनी मिळून सोडलेला निसार हा असाच रडारचा उपग्रह आहे. दर बारा दिवसांनी तो त्याच जमिनीवरून जातो. रडारची चित्रं वाचणं मात्र घरच्या घरी जमणारं काम नाही, त्यासाठी जाणकाराला विचारा.

दादाच्या वावराची गोष्ट अर्धी राहिली. गर्द हिरव्या कोपऱ्यातून आम्ही नाल्याकाठच्या फिक्या पट्ट्यात गेलो. पाणी ओसरलं होतं, पण माती दाबली की बोटांत चिकटत होती. मी दोन झाडं उपटली. मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या. चांगल्या गाठी आतून गुलाबी निघतात, या राखाडी निघाल्या. तीन-चार दिवस पाणी साचून मुळांचा श्वास कोंडला होता, आणि हवेतलं नत्र घेणाऱ्या गाठी मेल्या होत्या. दादा त्याच आठवड्यात तिथे औषध मारणार होता, आणूनही ठेवलं होतं. ते त्याने परत केलं. दुसऱ्या दिवशी नाल्याकडे उताराने चर काढला आणि कोपऱ्यातली निंदाई करून घेतली.

पुढची दोन चित्रं ढगांनी खाल्ली. तिसऱ्या वेळी आभाळ उघडं मिळालं, तेव्हा फिका पट्टा होताच, पण आधीपेक्षा निम्म्या रुंदीचा. मधले तास सावरले होते, नाल्याला अगदी लागून असलेले सावरले नाहीत. दादा बराच वेळ ते चित्र मोठं करून पाहत राहिला. वहिनीने मोबाइल त्याच्या हातून घेतला, फिक्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, ‘‘एवढ्या जागेत पुढच्या सालापासून सोयाबीन सोडून काय पेरावं, ते सांग.’’

नमस्कार.