लॉजिंग, बोर्डिंग आणि एक फळी

(दृश्य : सकाळची वेळ. एसटी स्टँडसमोरचा रस्ता. पहिल्या मजल्यावर गंजत आलेली पत्र्याची पाटी.)

एसटी स्टँडवरून बाहेर पडून रस्ता ओलांडला की ही पाटी हमखास दिसते. 'लॉजिंग-बोर्डिंग'. गाव बदललं तरी अक्षरं तीच. लहानपणी वडिलांचं बोट धरून फिरताना मी ती इतक्या ठिकाणी वाचली होती, की तिचा अर्थ माझा मीच लावून टाकला होता. लॉजिंग म्हणजे राहण्याची खोली आणि बोर्डिंग म्हणजे बाहेर टांगलेला हा बोर्ड. एकदा वडिलांना तसं बोलून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "अरे, बोर्डिंग म्हणजे जेवण."

मला काही ते पटलं नाही. बोर्ड ही तर फळी. फळी कोण खातं?

पटायला बरीच वर्षं लागली, कारण उत्तर स्टँडसमोर नव्हतं. ते हजार-अकराशे वर्षं मागे, इंग्लंडच्या एका खाडीकाठी होतं.

(दृश्य : ओहोटी लागलेली खाडी, चिखल, धुकं.)

इसवी सन 991. एसेक्समधलं माल्डन. व्हायकिंगांची टोळी जहाजांतून उतरली आहे आणि पाण्यापलीकडून तिचा निरोप आला आहे : खंडणी द्या, आम्ही निघून जातो. इंग्रजांचा वयस्क सरदार बिर्थनोथ उत्तर द्यायला पुढे होतो. या लढाईवर एक जुनी इंग्रजी कविता आहे. ती सांगते, की बिर्थनोथ बोलला आणि त्याने आपला 'बोर्द' उचलला.

बोर्द म्हणजे ढाल. लाकडाच्या पातळ फळ्या एकमेकींना जोडून केलेली. त्या काळच्या इंग्रजीत बोर्ड ही साधी फळी होती, आणि फळीपासून जे काही बनेल त्यालाही बोर्डच म्हणत. योद्ध्याच्या हातात ती ढाल झाली. बिर्थनोथ त्या लढाईत पडला. ढालीचा अर्थही पुढे इंग्रजीतून गेला. पण तोवर हीच फळी समुद्रावर निघाली होती.

(दृश्य : ओस्लोच्या संग्रहालयातलं गोकस्टाड जहाज. कॅमेरा मागच्या टोकाला, उजव्या अंगाला येऊन थांबतो.)

हे व्हायकिंगांचं जहाज 1880 मध्ये नॉर्वेतल्या एका टेकाडाखालून खणून काढलं. मागच्या बाजूला उजवीकडे पाहा. भलंमोठं वल्हं बांधलेलं आहे. हेच सुकाणू. तेव्हा सुकाणू जहाजाच्या मधोमध नसे, उजव्या कुशीला असे. जहाजाच्या कुशीलाही इंग्रज बोर्डच म्हणत. (खरं तर 'फळी' आणि 'कड' असे दोन सारखे शब्द इथे एकात एक मिसळून गेले आहेत.) सुकाणू ज्या बाजूला ती 'स्टीर'ची, म्हणजे जहाज वळवण्याची बाजू, म्हणून स्टारबोर्ड. ताऱ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग डावी बाजू? नवव्या शतकाच्या अखेरीस ओथेरे नावाचा नॉर्वेचा दर्यावर्दी इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाला आपल्या उत्तरेच्या सफरीची हकीकत सांगतो. तीन दिवस ओसाड किनारा स्टारबोर्डला होता, म्हणतो, आणि खुला समुद्र 'बॅकबोर्ड'ला. उजवीकडचं सुकाणू धरून उभं राहिलं की पाठ डावीकडे होते. ती पाठीची बाजू. पुढे तिला लार्बोर्ड म्हणू लागले, म्हणजे माल चढवण्याची बाजू. आता भर वादळात वाऱ्याच्या घोंगावण्यात कुणी 'स्टारबोर्ड' ओरडतंय की 'लार्बोर्ड', हे कसं कळायचं? अखेर 1844 मध्ये ब्रिटिश आरमाराने हुकूम काढून लार्बोर्डला रजा दिली आणि डाव्या बाजूला 'पोर्ट' म्हणायला सांगितलं. हे सुचायला इतकी शतकं का लागली, हे त्या खलाशांनाच ठाऊक.

जहाजाच्या कुशीवरूनच 'बोर्ड करणं' हे क्रियापद आलं. आज आपण विमानतळावर बोर्डिंग पास हातात धरून रांगेत उभे राहतो, तेव्हा शब्दाचा मूळ स्वभाव ध्यानात येत नाही. शत्रूच्या जहाजाला कुशीने भिडायचं आणि हत्यारं घेऊन त्यावर चढायचं, असा तो हल्ल्याचा शब्द. आपल्या आंग्र्यांच्या आरमाराची रीतही हीच होती. गुराबांवरच्या, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांवरच्या तोफांनी शत्रूच्या जहाजाची शिडं आणि डोलकाठ्या लंगड्या करायच्या, मग गलबतांतल्या माणसांनी बाजूला लागून वर चढायचं. तिथे पास कुणी विचारत नसे.

(दृश्य : जुनं दगडी दालन. लाकडी घोड्यांवर टाकलेल्या लांब फळ्या.)

पण वडिलांनी सांगितलेलं जेवण अजून आलेलं नाही. ते इथे आहे.

मध्ययुगातल्या इंग्रज सरदाराच्या दालनात जेवणाचं असं कायमचं टेबल सहसा नसे. जेवणवेळ झाली की नोकर लाकडी घोडे मांडत, त्यांवर लांब फळ्या टाकत, वर कापड अंथरत. जेवणं आटोपली की फळ्या उचलून भिंतीला लावायच्या आणि दालन पुन्हा मोकळं. लग्नाच्या मांडवात बुफेचं टेबल उभं राहतं, तसंच ते. या फळीचं नावही बोर्ड. स्वीडिश भाषेत टेबलाला आजही 'बोर्ड' म्हणतात. मोठ्या हॉटेलांत ज्याचं कौतुक असतं त्या 'स्मॉर्गसबोर्ड'चा सरळ अर्थ लोणी-पावाचं टेबल एवढाच.

फळी मांडली म्हणजे जेवण आलं. म्हणून चौदाव्या शतकापासून रोजच्या जेवणालाच बोर्ड म्हणायला लागले. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी जेवणारा तो बोर्डर. जिथे मुलं शिकतात आणि जेवतातही, ती बोर्डिंग स्कूल. नवरा-बायकोचा संसार म्हणजे 'बेड अँड बोर्ड', अंथरूण आणि ताट. चर्चच्या न्यायालयात जोडप्याला वेगळं राहण्याची परवानगी मिळे, तीही या दोन गोष्टींपासून वेगळं होण्याची.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे जेवणाच्या तयारीला काय म्हणतात? पाटपाणी. 'पाटपाणी घ्या' म्हटलं, की भात मुरलाय हे घरातल्या पोरांनाही कळायचं. सुखात लोळणाऱ्याबद्दल आपण म्हणतो, पाटावरून ताटावर आणि ताटावरून पाटावर. आता पाट ही काय चीज आहे? चार बोटं उंचीची फळीच. इंग्रजांनी फळीवर ताट ठेवलं, आपण फळीवर बसलो, इतकाच फरक.

टेबलाच्या फळीने इंग्रजीत आणखी बरीच बाळंतपणं केली. पत्ते खेळताना हात फळीच्या वर दिसले पाहिजेत, खाली गेले की लबाडी, म्हणून सचोटीचा व्यवहार 'अबव्ह बोर्ड'. आपल्या कचेऱ्यांत पैसे सरकतात ते 'टेबलाखालून'. फळी तीच, फक्त आपण खालून पाहतो. पेले मांडून ठेवायची फळी ती कपबोर्ड. तिला दारं पुढे बसली. कबर्ड आणि आपलं कपाट यांचा आवाज इतका सारखा आहे, की एकावरून दुसरं आलं असं वाटावं. तसं मुळीच नाही. कपाट संस्कृत आहे आणि त्याचा मूळ अर्थ दार. केदारनाथाचे कपाट उघडतात ते म्हणूनच.

(दृश्य : हिरवं कापड अंथरलेलं लांब टेबल, रिकाम्या खुर्च्या.)

इथून पुढे गोष्ट गंभीर होते. कारण सोळाव्या शतकात कधीतरी बोर्ड म्हणजे टेबल हा अर्थ मागे पडून, बोर्ड म्हणजे टेबलाभोवती बसलेली माणसं, असं झालं.

इंग्लंडच्या राजवाड्याचा खर्च, स्वयंपाकघर, हिशेब पाहणारे अधिकारी हिरवं कापड घातलेल्या टेबलाशी बसत. त्यांच्या समितीचं नावच पडलं 'बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ'. हिरव्या कापडाचं बोर्ड! राजे आले-गेले, हे बोर्ड मात्र थेट 2004 पर्यंत टिकलं.

फळीची माणसं व्हावीत, हे मराठीतही घडलं आहे, आणि इंग्रजीला न विचारता. 'पक्षाची दुसरी फळी', 'भारताची मधली फळी कोसळली'. इथे फळी म्हणजे खांद्याला खांदा लावून उभी माणसं. मात्र बोर्डाचा सरकारी तर्जुमा करायची वेळ आली तेव्हा आपण फळी घेतली नाही, मंडळ घेतलं. मंडळ म्हणजे वर्तुळ. 1928 मध्ये स्थापन झालेलं क्रिकेटचं बोर्ड मराठी पेपरांत 'नियामक मंडळ' असतं. वर्तुळाला वरचं टोक नसतं, टेबलाला असतं. कोणता शब्द खरं बोलतो ते ज्याने त्याने ठरवावं.

आणि एका टेबलाशी आपली तर थेट गाठ पडली होती. 1784 मध्ये पंतप्रधान पिटच्या कायद्याने लंडनमध्ये 'बोर्ड ऑफ कंट्रोल' बसवण्यात आलं. सहा सभासद. काम काय, तर ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर नजर ठेवणं. नोव्हेंबर 1817 मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, पुढच्या वर्षी पेशवाई संपली, तेव्हा या बोर्डाचा अध्यक्ष होता जॉर्ज कॅनिंग. पुण्याहून गेलेलं पत्र त्याच्या टेबलावर पडायला महिनेच्या महिने लागत. पण टेबल तिथे होतं आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्यांच्यापैकी एकालाही तिथे खुर्ची नव्हती. 1858 मध्ये कंपनीचं राज्य गेलं, त्याबरोबर हे बोर्डही गेलं.

शब्द मात्र इथेच राहिला. 1884 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. रस्ते, दवाखाने, शाळा. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, तरी म्हातारी माणसं कितीतरी वर्षं 'बोर्डाची शाळा' म्हणत राहिली. वीज मंडळ 1960 मध्ये आलं, 2005 मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, पण लाइट गेली की अजूनही शिव्या खातं ते बोर्डच. आणि 1966 मध्ये आलेलं दहावीचं बोर्ड! त्याने तर मराठीला एक वाक्प्रचार दिला. 'अमक्याचा मुलगा बोर्डात आला.' म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकला, पेपरात फोटो आला, पेढे वाटले. इंग्रजाला हे वाक्य शब्दशः सांगितलं तर त्याला वाटेल, पोरगं संचालक झालं.

(दृश्य : कोल्हापूर, दसरा चौक. शाहू महाराजांचा पुतळा, भोवतीच्या जुन्या इमारती.)

पण मराठीत या शब्दाचं सर्वांत मोठं घर म्हणजे बोर्डिंग. स्टँडसमोरचं नव्हे, हे.

1901 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातलं पोर शिकायला शहरात आलं तर शाळा मिळेलही, पण जेवेल कुठे, निजेल कुठे? जात विचारल्याशिवाय पाणी मिळायचं नाही असे ते दिवस. महाराजांनी अडचण नेमकी हेरली. फी नंतरची गोष्ट, आधी ताट.

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली होती. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, ते वेगवेगळ्या जातींची वेगवेगळी नव्हे, एकच. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी मुलं एका छपराखाली. काम सगळ्यांनी करायचं, स्वयंपाकही सगळ्यांचा एकत्र. 1927 मध्ये गांधीजी आले आणि बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव देण्याचा समारंभ त्यांच्या हस्ते झाला.

(दृश्य : पितळी परात, भाकरीचं पीठ, चुलीतला धूर. निवेदन संथ होतं.)

एवढ्या पोरांना रोज दोन वेळा खायला घालायचं म्हणजे धान्य लागतं, आणि धान्याला पैसा. भाऊराव देणग्यांसाठी गावोगाव हिंडत. घर आणि बोर्डिंग लक्ष्मीबाईंवर. भाऊरावांची पत्नी, मुलांची वहिनी. माहेराहून अंगावर पुष्कळ सोनं घेऊन आलेल्या. बोर्डिंगात धान्य संपलं की एकेक दागिना बाहेर पडू लागला. जवळचं सगळं सोनं असं गेलं.

मग एकदा अशी वेळ आली, की कणगीत दाणा नाही, भाऊराव गावात नाहीत आणि मुलं शाळेतून येण्यात आहेत. लक्ष्मीबाईंच्या अंगावर आता एकच सोनं उरलं होतं. त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं.

त्याचं धान्य आलं. चूल पेटली. पोरं जमिनीवर ओळीने जेवायला बसली.