आधी झाड की आधी तार?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'विजेच्या तारांजवळची झाडं : जबाबदारी कोणाची?' त्याकडे येतोच. पण आधी एका जांभळाची गोष्ट सांगतो, कारण हा विषय मला त्या झाडानंच शिकवला.

मुंबईच्या पूर्व उपनगरातली एक बैठी चाळ. तोंडाशी जांभूळ आणि त्याच्या फांद्यांतून गेलेल्या उघड्या तारा. मी तेव्हा लाइनवर काम करत होतो. जूनमध्ये तक्रार आली, दिवे लुकलुकतात. शिडी लावून वर गेलो, तर तारेभोवती हातभर जागेतली पानं कडेनं करपलेली आणि तार घासून घासून एका फांदीच्या सालीत काळी खाच पडलेली. उन्हाळ्यात असलं झाड गप्प असतं. पावसात ओली फांदी म्हणजे विजेला जमिनीत उतरायला वाट. वारा सुटला की फांदी तारांना हलवते, तार तारेवर आपटते, ठिणगी पडते, खांबावरचा फ्यूज जातो आणि सगळी चाळ अंधारात.

फांदी छाटायचं काम अर्ध्या तासाचं. त्याला तीन आठवडे गेले! आमच्या कार्यालयानं सांगितलं, झाड आमचं नाही. झाडं ज्यांच्याकडे, ते म्हणाले, आधी शटडाऊन द्या, म्हणजे तारेतली वीज बंद करा, आमचा माणूस चालू तारेजवळ चढणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. आमचे साहेब म्हणाले, लेखी पत्राशिवाय शटडाऊन नाही. पत्र आलं त्या दिवशी कंत्राटदाराची गाडी दुसरीकडे. मग कोणीतरी शोध लावला की झाड चाळीच्या आवारात आहे, म्हणजे अर्ज चाळीनं करायला हवा. चाळीत अर्ज लिहिणारे एकच गृहस्थ, ते गावी गेलेले.

चौथ्या आठवड्यात रात्री फांदी मोडली ती तार घेऊनच. आम्ही पोचलो तेव्हा तार गल्लीतल्या पाण्यात पडलेली आणि कॉलेजात जाणारा एक मुलगा दोन्ही तोंडांना खुर्च्या आडव्या टाकून लोकांना अडवत उभा. पहाटे चारपासून! फ्यूज गेलेला नव्हता. हे नीट ऐका : जमिनीवर पडलेल्या तारेतून कधी कधी इतका कमी प्रवाह जातो की फ्यूज वितळतच नाही. खाली पडलेली तार बंद असेल असं कधीही समजू नका. लांब उभे राहा, इतरांना थांबवा आणि फोन करा. त्या मुलानं अगदी हेच केलं. मी त्याला मिठी मारली होती.

सकाळी पंचनाम्याला साहेब मंडळी जमली आणि प्रश्न निघाला, हे झाड लावलं कधी? कागदावर कुठेच नाही. तेव्हा ओट्यावर बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "माझा थोरला पोटात होता तेव्हा बी टाकलं. आन् तुमचे खांब आले तेव्हा तो दुसरीत जात हुता."

मंडळी, या एका वाक्यावर कायदा उभा आहे. वीज अधिनियम 2003, कलम 68. तारेला अडथळा होणारं झाड काढायचं असेल, तर वीज परवानाधारकानं, म्हणजे वीज कंपनीनं, कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा शासनानं नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पण ते झाड तारेच्या आधीपासून तिथं असेल, तर झाडाशी ज्याचा संबंध त्याला भरपाई मिळते आणि ती परवानाधारकाकडून वसूल होते. म्हणजे झाड आधी की तार आधी, हे कायदा विचारतो. आणि ते नोंदवलेलं कुठे सापडत नाही! आपला महाराष्ट्राचा 1975 चा झाडांचा अधिनियम घ्या. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांपुढची झाडं प्राचीन वृक्ष ठरली आणि जितकं तोडलेल्या झाडाचं वय तितकी नवी झाडं लावायची, असं आलं. तिथेही वयच लागतं. 2018 ची वृक्षगणना सांगते, मुंबईत 29 लाख 75 हजारांवर झाडं. इतक्या झाडांना क्रमांक देता येतात, तर तारेखालच्या झाडांची जन्मनोंद का ठेवता येऊ नये?

दादर-परळकडून आलेली मंडळी म्हणतील, आमच्याकडे केबल जमिनीखाली, आम्हाला काय त्याचं? केबलसाठी चर खणताना बुंध्यालगतची मुळं सपासप तुटतात. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि पहिल्या मोठ्या वाऱ्याला आडवं होतं. तौक्ते वादळाच्या दिवशी, 17 मे 2021 ला, पडलेल्या झाडांची मुळं मी जवळून पाहिली. कित्येकांची एका बाजूची मुळं सरळ रेषेत कापलेली होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. तेव्हा मुख्य मुद्दा भराभर.

रस्त्यावरचं झाड पालिकेच्या उद्यान खात्याचं, आवारातलं मालकाचं किंवा सोसायटीचं, आणि छाटायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी. हे असंच राहू द्या. पण तारेजवळची छाटणी तार टाकणाऱ्यानंच करावी, स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या शिकवलेल्या माणसांकडून. शटडाऊन त्याच्याच हातात आहे. पालिका, झाडाचा मालक आणि वीज कंपनी, तिघांनी मिळून एक दिवस ठरवावा, तोही दिवाळीनंतर. एप्रिल-मे महिन्यांत कावळ्यांची घरटी असतात आणि घाईत कोयता कसाही चालतो.

कापायचं कसं, तर फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सालीची फुगीर वळी असते, तिच्या बाहेरून. आधी खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे साल सोलवटत खाली येत नाही. शेंडाच उडवलात तर एका फांदीच्या जागी दहा लवलवत्या काठ्या फुटतात. त्यांचा सांधा कच्चा असतो आणि दोन पावसाळ्यांत त्याच तारेवर येतात.

आणि जन्मनोंद. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. आपल्या गल्लीतलं झाड कोणत्या साली लावलं आणि खांब कधी आले, एवढंच लिहायचं. साल आठवत नसेल तर तेव्हा घरातलं कोण कितवीत होतं, तेही चालेल. पहिल्या पानावर त्या आजींचं जांभूळ आहे.