खिशातले पाते

माझा हा खिशातला घडीचा चाकू मिटलेला असताना मधल्या बोटापेक्षा थोडाच लांब भरतो. मुठीच्या दोन लाकडी फळ्या, त्यांच्या आत पितळेचे दोन पत्रे, पाठीवर पोलादाची एक पट्टी, एक पाते आणि हे सगळे एकत्र धरणारे तीन खिळे, एवढाच त्याचा संसार आहे. गेली अनेक वर्षे तो रोज माझ्या खिशात असतो. सकाळी रुमाल आणि किल्ल्यांबरोबर तो उचलला जातो, रात्री त्यांच्याच शेजारी ठेवला जातो. दिवसभरात तो दोन-तीनदाच उघडत असेल, पण ज्या दिवशी घरी राहतो त्या दिवशी हात सारखा रिकाम्या खिशाकडे जातो.

आता पाते जवळून पाहू. त्याच्या पाठीलगत चंद्रकोरीसारखी एक बारीक खाच आहे. तिच्यात अंगठ्याचे नख अडकवून पाते ओढू लागले की ते आधी विरोध करते, अर्ध्या वाटेवर किंचित थांबते आणि शेवटी खट् असा आवाज करून जागेवर बसते. हा आवाज पाठीवरच्या पट्टीचा असतो, कारण ती पट्टी म्हणजेच या चाकूची स्प्रिंग. पाते फिरू लागले की त्याचे मुठीतले बूड तिला वर उचलते, ती धनुष्यासारखी वाकते, आणि पाते पूर्ण उघडताच बुडाच्या सपाट कडेवर पुन्हा घट्ट टेकते. याला कुलूप नाही. पाते उघडे राहते ते केवळ त्या दाबावर. म्हणूनच पात्याच्या पाठीवर जोर येईल किंवा टोक कशात खुपसावे लागेल असे काम या चाकूने करू नये, कारण तसे केल्यास पाते बोटांवर मिटू शकते. तो उघडायला दोन्ही हात लागतात, म्हणजे हातातली दुसरी वस्तू आधी खाली ठेवावी लागते. एका हाताने झटकन उघडणारे चाकू मी वापरले आहेत आणि त्यांची सोय मला मान्य आहे. तरीही कापण्यापूर्वीचा हा लहानसा थांबा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तेवढ्या वेळात लक्ष आपोआप हातांवर येते.

पाते मुठीत मिटवण्याची कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हॉलस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू इसवी सनापूर्वी सुमारे 600 ते 500 या काळातला मानला जातो, आणि रोमन काळातलेही असे अनेक चाकू उत्खननांत मिळाले आहेत. पाते स्प्रिंगने धरून ठेवणारे चाकू मात्र खूप नंतर रुळले, कारण हजारो वेळा वाकूनही न थकणारी पट्टी घडवायला पोलाद चांगले असावे लागते आणि तापवून थंड करताना त्याला पाणीही नेमके द्यावे लागते. इंग्लंडमधील शेफिल्डजवळ 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी बंद मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची पद्धत बसवली. हंट्समन मूळचे घड्याळजी होते आणि घड्याळाच्या स्प्रिंगसाठी त्यांना अधिक चांगले पोलाद हवे होते. खिशातल्या चाकूची खट् ऐकताना मला त्या घड्याळजींची आठवण हमखास होते.

त्या काळी लिहिणाऱ्याला चाकू जवळ ठेवावाच लागे. पिसाची लेखणी लिहिता लिहिता बोथट होत असे आणि तिचे टोक पुन्हा पुन्हा छाटावे लागत असे. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ हा शब्द त्याच कामातून आला. पिसाची लेखणी गेली, पण पेन्सिल राहिली. पेन्सिल चाकूने तासताना पाते लाकडावर जवळजवळ आडवे टेकवावे, ते धरणारा हात स्थिर ठेवावा आणि पेन्सिलीच्या हाताच्या अंगठ्याने पात्याची पाठ हळूच पुढे रेटावी. मग लाकडाची पातळ, गुंडाळत जाणारी ढलपी निघते, आणि शिसे किती लांब ठेवायचे ते आपण ठरवतो. हे काम करताना धार खरी कशी आहे ते मला दुसऱ्या कोणत्याही कामापेक्षा लवकर कळते.

पाते मुठीत मिटवून जवळ बाळगण्याचा प्रश्न वेगवेगळ्या देशांनी आपापल्या परीने सोडवला. फ्रान्समधील सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये लाकडी मुठीचा एक अत्यंत साधा चाकू तयार केला, 1897 मध्ये त्याचे 1 ते 12 क्रमांकांचे आकार ठरले, आणि पाते अडवून धरणारे फिरते कडे त्याला 1955 मध्ये मिळाले. जपानमधील ‘हिगोनोकामी’ला तर स्प्रिंगही नाही, वाकवलेल्या पत्र्याची मूठ आणि पात्याच्या बुडाशी एक लहान शेपटी, जी वापरताना अंगठ्याखाली दाबून धरायची असते. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या शाळकरी मुलांनी याच चाकूने पेन्सिली तासल्या. तो हातात घेतला की चाकूतून किती गोष्टी काढून टाकल्या तरी चाकू शिल्लक राहतो, ते दिसते.

चाकू बाळगण्याचे कायदे देशोदेशी वेगळे असतात आणि ते आधी पाहावेच लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 3 इंचांपर्यंत धार असलेला, कुलूप नसलेला घडीचा चाकू विशेष कारण न देताही सार्वजनिक ठिकाणी जवळ ठेवता येतो, म्हणजे हा जुना घाट तिथे कायद्यातही बसतो. विमानप्रवासात मात्र तो केबिनमध्ये न नेता विमानतळावर आधी सोपवायच्या (चेक-इन) सामानातच ठेवावा.

या पात्याचा रंग पाहा. ते गंजरोधक पोलादाचे नाही, साध्या कार्बन पोलादाचे आहे. नवे होते तेव्हा ते आरशासारखे होते. पहिले आंबट फळ कापल्यावर त्यावर निळसर ढगासारखा एक डाग पडला आणि मला वाईट वाटले. पुढे असे डाग एकमेकांत मिसळत गेले आणि सबंध पाते शिशासारखे करडे झाले. हा थर लाल गंजासारखा पोलाद खात नाही, उलट गंजाला काहीसा आवर घालतो. तरी पाते पुसून कोरडे ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. गंजरोधक पोलाद हे कष्ट वाचवते, हे खरे आहे. परंतु कार्बन पोलादाला दगडावर धार चटकन चढते, आणि माझ्या हाताला तेवढे पुरते.

धार लावताना पाते दगडाशी साधारण 20 अंशांत धरून दोन्ही बाजू सारख्याच घासायच्या असतात. थोड्या वेळाने धारेच्या पलीकडच्या बाजूला धातूची केसाएवढी कड उभी राहते. ती डोळ्यांना दिसत नाही. अंगठा धारेवरून न फिरवता धारेकडून बाहेर आडवा नेला की जाणवते. मग हात हलका करत ती कड काढून टाकायची, पाते पुसायचे, बिजागरीच्या खिळ्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा आणि चाकू मिटायचा. मिटताना पाते अर्ध्या वाटेवर पुन्हा थांबते, कारण या चाकूत त्याचे बूड चौकोनी घडवलेले आहे. तिथे बोटे वाटेत नाहीत हे पाहून घ्यायचे, तळव्याने पाठ हलकेच दाबायची, आणि खट् असा आवाज होऊन पाते मुठीत जाते.