फोनमधला फोटो भिंतीवर नीट यावा म्हणून

नमस्कार मंडळी! गणपती येतात, घरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ढिगाने फोटो जमतात आणि त्यातला एकही कागदावर उतरत नाही. आज एकच काम करू. मोबाईलमधला एक फोटो घ्यायचा आणि तो फ्रेममध्ये जाईपर्यंत त्याची माती होऊ द्यायची नाही.

सुरुवात उलट्या टोकाने करतो, लॅबच्या काउंटरवरून. तुम्ही फोटो छापायला जाता, काउंटरवरचा दादा म्हणतो, "या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा." आपण करतो. आणि घोळ तिथेच होतो.

[स्क्रीनवर: एकच फोटो दोनदा, मूळ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला. मूर्तीच्या मुकुटावर झूम.]

बघा, मुकुटावरचे खडे डावीकडे एकेक मोजता येतात, उजवीकडे नुसता सोनेरी चिखल. हिशेब सोपा आहे. चांगल्या छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते बारीक ठिपके, धरतात. म्हणजे ४ बाय ६ इंचाच्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. आपला फोन साधारण ४००० बाय ३००० चा फोटो देतो. (फोनच्या खोक्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलेलं असलं तरी नेहमीच्या सेटिंगवर असे बहुतेक फोन चार पिक्सेलांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलच देतात. वाईट वाटून घेऊ नका, तेवढे भरपूर झाले.) व्हॉट्सअ‍ॅप मात्र साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवतं.

आता खरं सांगायचं तर ४ बाय ६ ला हे १६०० सुद्धा चालून जातात. अल्बममध्ये लावायचा असेल तर फार जीव काढू नका. पण ८ बाय १२ करायला गेलात, की इंचाला जेमतेम १३३ पिक्सेल उरतात. तिथे मुकुटाचा चिखल होतो. मूळ फोटो असेल तर १२ बाय १८ सुद्धा भिंतीवर छान दिसतो, कारण तो आपण नाक लावून बघत नाही.

मग पाठवायचा कसा? फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चॅटमध्ये पिनचं किंवा अधिकचं चिन्ह दाबा, 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटो घ्या. फाइल जशीच्या तशी जाते. २०२३ पासून 'एचडी'चा पर्यायही आहे, साध्यापेक्षा बरा, पण फोटो दाबला जातोच. आयफोनवाल्यांनी आणखी एक बघायचं: तुमचा फोन फोटो 'हेइक' नावाच्या प्रकारात साठवतो आणि काही दुकानांतल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो उघडत नाही. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवा. पुढचे फोटो साध्या जेपेगमध्ये येतील.

आता फोटो काढण्याकडे येऊ. आधी लेन्स पुसा. मोदक वळलेल्या हाताने फोन उचलला की काचेवर तूप लागतं, आणि मग प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं. फ्लॅश बंद. मखरात लाईटच्या माळा असल्या की कॅमेरा गोंधळतो: कधी मूर्ती काळी पडते, कधी माळा पांढऱ्याफट्ट. मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो. मग बोट हळूच खाली सरकवा, उजेड कमी होतो.

[स्क्रीनवर: बोट खाली सरकवताना उपरण्याचा काठ दिसू लागतो.]

आला ना काठ? थांबा तिथेच.

आणि आता ज्याने सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते. फोनचा फोटो ४ : ३ प्रमाणाचा असतो, ४ बाय ६ चा कागद ३ : २ चा. दोन्ही जुळत नाहीत. कागद पूर्ण भरायचा म्हटलं, की आडव्या फोटोची जवळपास एक नवमांश उंची वर-खाली मिळून उडते. मागच्या रांगेत उंच काका उभे असतील तर त्यांच्या टाळूवर कात्री. उभ्या फोटोत कडेच्या मावशींचा खांदा जातो. म्हणून ग्रुप फोटो काढताना चारही बाजूंना मोकळी जागा ठेवा. आणि काउंटरवर स्पष्ट सांगा, "फोटो कापू नका, पांढरी पट्टी राहिली तरी चालेल." किंवा त्याहून बरं, घरीच ३ : २ मध्ये क्रॉप करून न्या, म्हणजे काय जाणार ते तुम्ही ठरवाल.

एडिटिंगवर मी फार वेळ घालवत नाही. स्नॅपसीड फुकट आहे, गुगल फोटोजमध्येही पुरेसं आहे. वाकडा फोटो सरळ करा, क्रॉप करा, सावल्या थोड्या उजळा, बास. रंग भडक करायचा मोह आवरा, नाहीतर आजी नारिंगी दिसते. एक मात्र लक्षात ठेवा: स्क्रीनच्या मागे दिवा असतो, कागदामागे नसतो, म्हणून प्रिंट नेहमी थोडी गडद वाटते. स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि मग ठरवा.

फोटो सांभाळायचं म्हणाल, तर गुगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. १ जून २०२१ पासून अमर्याद साठवण बंद झाली. बॅकअप झाला म्हणून गुगल फोटोजमधून फोटो डिलीट करणारे खूप आहेत. अहो, तिथून उडवला की फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही! बॅकअप घेतलेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, त्यानंतर विसरा. फोनमध्येच जागा करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरा. आणि 'छापायचे' नावाचा अल्बम आजच करा. आवडला फोटो की त्यात टाका, म्हणजे काउंटरवर उभं राहून गुड मॉर्निंगच्या गुलाबांमधून बाप्पा शोधावे लागणार नाहीत.

लॅबमध्ये आधी एकच प्रिंट मागा, रंग बघा, मग बाकीच्या सांगा. समोर खिडकी असेल तर मॅट घ्या, ग्लॉसीवर खिडकीच दिसते. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट, म्हणजे मधोमध चौकट कापलेला पुठ्ठा, घालायला सांगा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने फोटो काचेला चिकटतो, आणि सोडवायला गेलं की रंगच निघून येतो.